बांबोळीहून घरी आल्यानंतर

डिचोली आणि पेडणे तालुक्यांत ‘त्याला बांबोळीला नेले’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारत नाही. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात निभावण्यासारखे हे प्रकरण नाही, हे त्याला कळून चुकते. डोक्याला मार लागलेला माणूस १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात पोचतो. कवटी उघडून आत साकळलेले रक्त काढले जाते. काही दिवस, कधी काही आठवडे आयसीयूत जातात, मग वॉर्डात, आणि एका दुपारी तो घरी येतो. मुळगावचे घर असेल तर केळबाई देवीपुढे नारळ ठेवला जातो, शेजारीपाजारी डोकावून जातात आणि जो तो एकच वाक्य बोलतो: ‘जीव वाचला, हेच पुष्कळ.’

बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण त्यानंतर घरच्यांना बोलायला तोंड राहत नाही. ज्याचा जीव वाचला त्याच्यासाठी रडायचे कसे? रडले तर देवाची कृपा नाकारल्यासारखे होते. म्हणून मोरीत नळ सोडून रडणाऱ्या बायका आणि रात्री गोठ्यात जाऊन बसणारे बाप या भागात आहेत. मेंदूला इजा झालेल्या माणसाच्या घरात खरेखुरे दुःख असते, मृत्यूनंतर असते तसेच, आणि त्या दुःखाला आपल्या समाजात जागा नाही. ती जागा का नाही, ती कशी करता येईल आणि त्याविषयी आजवर कोणाला काय उमगले आहे, याचा हा आढावा.

आपण मेलेल्यांची मोजदाद नीट ठेवतो. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. गेलेल्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. जखमी झालेल्यांचा आकडा ४,४३,३६६. यांतल्या किती जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली, ते या आकड्यातून कळत नाही. वाचलेला माणूस ‘जखमी’ या एका शब्दात मावतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून नाहीसा होतो.

आपल्याकडे कारणेही नेहमीची. पेडण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि २०२२ च्या डिसेंबरात मोपा विमानतळाचे उद्‌घाटन झाल्यापासून त्या बाजूला वाढलेली वाहने. मुळगाव, शिरगाव, पिळगावच्या खाणपट्ट्यातले खनिजवाहू ट्रक. माडावरून पडलेला पाडेली. न्हाणीत घसरलेली म्हातारी. शिवाय अपघात न होताही मेंदूला इजा होते. पक्षाघात, मेंदूज्वर, बुडता बुडता वाचलेला मुलगा, हृदय थांबून पुन्हा सुरू झालेला माणूस. प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटेच तग धरतो. कारण काहीही असो, घरी आल्यानंतरची गोष्ट बरीचशी सारखी असते.

ती समजण्यासाठी मेंदूविषयी थोडे सांगायला हवे, कारण घरातला निम्मा मनस्ताप गैरसमजातून येतो. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगात असलेले डोके एकदम थांबले की मेंदू पुढे जाऊन हाडावर आदळतो, आणि कवटीचा पुढचा तळ खडबडीत असल्यामुळे कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग जास्त खरचटतो. कपाळामागच्या भागात माणसाचा संयम, पुढाकार, ठरवून काम करण्याची शक्ती असते. कानशिलाकडच्या भागात स्मरण. याखेरीज आतले बारीक तंतू ताणून तुटतात, ते तर सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतही नाहीत. त्यामुळे डॉक्टर ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणतात आणि घरी आलेला माणूस चहाची कपबशी फेकतो. घरचे म्हणतात, माजला. तो दिवसभर खाटेवर बसून राहतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. आपल्यात काही बदल झाला आहे हे त्याला पटतच नाही, तेव्हा म्हणतात, हट्टी झाला. पण या तिन्ही गोष्टी इजेच्या आहेत. आपली उणीव आपल्यालाच न जाणवणे हेसुद्धा मेंदूच्या इजेचे एक ठरलेले लक्षण आहे. तंगडी मोडलेल्याला कोणी आळशी म्हणत नाही.

या विषयावरच्या पुस्तकांत फिनियस गेजचे नाव येतेच. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो जगला. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी नोंदवले, की ओळखीच्यांना तो पूर्वीचा गेज वाटेनासा झाला. आपल्याकडेही बायका हेच बोलतात: ‘तो आतां पयलींचो न्हय.’ गेजची गोष्ट सहसा इथेच थांबवतात, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे. पुढे चिलीमध्ये त्याने काही वर्षे घोडागाडी हाकली. रोज तीच वेळ, तोच रस्ता, तेच काम. ठरावीक दिनक्रमाच्या आधाराने तो पुष्कळ सावरला असावा, असे त्याच्यावर संशोधन करणाऱ्यांचे मत आहे. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण घरी करता येईल असे काहीतरी त्यात आहे.

आता घरच्यांकडे वळू. अशा एखाद्या घरातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. चाळिशीतला ट्रकचालक सोप्यावर बसला आहे. तो चालतो, बोलतो, डोक्यावरची टाक्यांची खूण केसांनी झाकून गेली आहे. पोदेराचा भोंपू वाजतो. तो पाव घेतो, चहात बुडवून खातो आणि अर्ध्या तासाने विचारतो, आज पोदेर आला नाही काय? मग ट्रकची चावी मागतो. ट्रक बँकेचे हप्ते थकल्यावर विकला आहे, हे त्याला अनेकदा सांगून झाले आहे. आज बायको सांगत नाही. मेकॅनिककडे आहे म्हणते. तो चिडतो, पेला भिंतीवर आदळतो आणि पाच मिनिटांत विसरून जातो. सातवीतली मुलगी दप्तर घेऊन त्याच्यापुढून जाते. पूर्वी तिला शाळेच्या बसवर सोडताना तो रोज डब्यात काय आहे ते विचारायचा. आता विचारत नाही. फुटलेला पेला बायको झाडून टाकते, त्याचे तिला फारसे काही वाटत नाही. तिच्या काळजाला जे लागते ते न विचारलेल्या प्रश्नाचे.

हे निरीक्षण संशोधनातही सापडते. ग्लासगो हे शहर या क्षेत्रात फार महत्त्वाचे. बेशुद्धीची खोली ३ ते १५ गुणांत मोजण्याची जी पद्धत आज बांबोळीपासून बोस्टनपर्यंत वापरतात, ती ग्लासगोत टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली. त्याच शहरात १९८० च्या दशकात ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर इजा झालेल्यांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे प्रश्न विचारले. पाच वर्षांनंतर सुमारे तीन चतुर्थांश नातेवाइकांचे म्हणणे होते की माणसाचा स्वभाव बदलला. लुळा हात, अडखळते पाऊल यांचा भार माणसे पेलतात. बदललेला स्वभाव पेलवत नाही. आणि भार काळाबरोबर हलका होण्याऐवजी अनेक घरांत वाढत जातो, कारण सुरुवातीची आशा संपत येते आणि मदतीला येणारे पांगतात.

अमेरिकन मेंदू-मानसशास्त्रज्ञ म्युरिएल लेझाक यांनी १९७८ मध्ये एक गोष्ट स्पष्ट लिहिली: अशा रुग्णाच्या जोडीदाराला धड शोकही करता येत नाही, कारण माणूस जिवंत आहे. साधारण त्याच काळात मिनेसोटाच्या पॉलीन बॉस व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांशी बोलत होत्या. देह नाही, बातमी नाही, तेरावे घालावे की वाट पाहावी कळत नाही. त्यांनी या अवस्थेला संदिग्ध हानी म्हटले आणि तिचे दुसरे रूपही दाखवले: देह समोर आहे, पण माणूस पूर्वीचा नाही. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे हा विचार स्मृतिभ्रंश, व्यसन, मेंदूची इजा अशा अनेक घरांपर्यंत पोचला. त्यांचे सांगणे असे, की या दुःखाचा शेवट शोधत बसू नये. तो आहे आणि तो नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी मानून जगायला शिकावे लागते. मला हे आपल्याकडच्या घरांना सर्वांत लागू पडणारे वाटते.

याउलट ‘दुःखाचे पाच टप्पे’ आपल्याकडे समुपदेशनाच्या भाषणांतून सर्रास सांगितले जातात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मेंदूच्या इजेच्या घरात हा जिना चढून कोणी स्वीकाराच्या माडीवर पोचत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर मंदावते, पण अनेक वर्षांनंतरही अधूनमधून काहीतरी परत येते. एखाद्या सकाळी तो मुलीला नावाने हाक मारतो, घर आनंदते, आणि त्याच रात्री बायको पुन्हा ढसाढसा रडते. आशा आणि शोक आळीपाळीने येतात. श्ट्रोब आणि शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले की शोक करणारा माणूस एकदा दुःखाकडे आणि एकदा रोजच्या कामाकडे असा हेलकावत असतो, आणि तसे हेलकावणे निरोगीच आहे. हे ऐकूनच अनेकांना हायसे वाटेल, कारण ‘माझे अजून संपत का नाही’ हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत असतो.

या दुःखाचे आपल्या भागातले सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम इस्पितळात घडले. अरुणा शानबाग मूळची उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची, केईएममध्ये परिचारिका होती, लग्न ठरलेले होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने जाईपर्यंत, साडेएकेचाळीस वर्षे, ती चार नंबरच्या वॉर्डालगतच्या खोलीत होती. तिच्या दयामरणासाठी पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली, पण विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः खुला केला. केईएमच्या परिचारिकांनी या याचिकेला कडाडून विरोध केला होता. या निकालावर कायद्याच्या अंगाने भरपूर लिहिले गेले आहे. मला दुसरेच दिसते. इतक्या वर्षांत त्या मुलीच्या अंगावर एकही बेडसोर होऊ दिला गेला नाही, याची न्यायालयानेही दखल घेतली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर काही तासांनी कुशीवर वळवावे लागते, रात्रीसुद्धा. ज्यांनी हे केले आहे त्यांना याचा अर्थ कळेल. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, ज्यांनी अरुणाला कधी हसती-बोलती पाहिले नव्हते त्यांनीही तिला आपली मानले, आणि ती गेल्यावर त्या घरचे माणूस गेल्यासारख्या रडल्या. त्यांना हे शक्य झाले याचे एक कारण प्रेम, आणि दुसरे, ज्याची चर्चा होत नाही, ते म्हणजे पाळ्या. आठ तास झाले की दुसरी यायची. मुळगावच्या घरात तिन्ही पाळ्या एकच बाई करते.

रुग्णाचे स्वतःचे दुःख हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. त्याला काही कळत नाही, असे त्याच्यासमोरच बोलले जाते. त्याला कळते. कधी उशिरा कळते, आणि ज्या दिवशी कळते त्या दिवसापासून तो खचतो. जाणीव परत येणे ही सुधारणाच असते, पण तिच्या पाठोपाठ नैराश्य येते. घरच्यांना वाटते, बरा होत होता, अचानक काय झाले? अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये ५५९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले: त्या एका वर्षात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य आले. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ मध्ये आढळले की मेंदूला इजा झालेल्यांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट असते. हे नैराश्य औषधांनी आणि बोलण्याने बरे होऊ शकते. पण त्यासाठी आधी कोणीतरी ‘तो आता असाच’ म्हणणे थांबवले पाहिजे.

रुग्णाच्या आतले जग कसे असते याची सर्वांत प्रदीर्घ साक्ष एका रशियन सैनिकाने ठेवली. १९४३ च्या मार्चमध्ये झासेत्स्कीच्या डोक्यात गोळी लागली. वाचता येईना, जगाचा उजवा भाग दिसेना, शब्द सापडत नसत. तरी त्याने सुमारे पंचवीस वर्षांत तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली, कधी दिवसाकाठी जेमतेम काही ओळी. त्याचे डॉक्टर अलेक्झांडर लुरिया यांनी ती वापरून पुस्तक केले. आपले काय हरवले ते स्वतःच्या हाताने लिहीत राहणे, हीच त्याची झुंज होती. आपल्याकडचा रुग्ण लिहिणार नाही कदाचित, पण पाडेल्याला माड दिसला की काय होत असेल, भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्याचा हात एका बाजूने लुळा पडला की चवथीच्या आरतीच्या वेळी तो आतल्या खोलीत का जाऊन बसतो, हे त्याला विचारता येते. विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढा थांबावे.

काही घरांत दुःखाला दोषाची जोड असते, आणि तिथे तर तोंड पूर्ण बंद. तो दारू पिऊन स्कूटरवर बसला होता, हेल्मेट डिकीत होते, बापानेच हट्टाने गाडी घेऊन दिली होती. गावाला हे सगळे ठाऊक असते. ‘आपल्याच कर्माने झाले’ असे म्हटले की सहानुभूतीची जबाबदारी संपते. पण दोष असला म्हणून दुःख कमी होत नाही. बापाला मुलाच्या दुःखासोबत स्वतःचा हातही रोज दिसतो. अशा माणसाला दोषातून घाईने मोकळे करायला जाऊ नये, त्याचे ऐकून घ्यावे. आणि एक गोष्ट ठामपणे सांगितलीच पाहिजे: इजेनंतर दारू पूर्ण वर्ज्य. तिने फीट येण्याचा धोका वाढतो आणि उरलासुरला संयमही जातो. मित्रांनी ‘एक पेग घे, बरे वाटेल’ म्हणणे हे वैर आहे.

मृत्यूसाठी आपल्याकडे सगळे ठरलेले आहे. सुतक, दहावे, बारावे, मासिक, वर्षश्राद्ध. कोणी कधी यायचे, काय आणायचे, चूल केव्हा पेटवायची, सगळे गाव जाणते. हे विधी दुःखाला मुदत देतात आणि माणसे गोळा करतात. मेंदूच्या इजेसाठी यातले काहीच नाही. देवस्थानाशी असलेले नाते मात्र उपयोगी पडते. घरचे कौल घेतात, गाऱ्हाणे घालतात, आणि शहरी डॉक्टर त्यावर नाक मुरडतात ते मला पटत नाही. गाऱ्हाणे घालताना चारचौघांत आपले दुःख मोठ्याने उच्चारायची संधी मिळते, जी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. अट एकच: फीटची गोळी एका वेळचीही चुकवायची नाही आणि कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही.

केळबाई ही शिरगावच्या लईराईची बहीण. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते आणि व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालतात. वर्षानुवर्षे धोंड राहिलेल्या माणसाच्या मेंदूला इजा झाली तर घरात पेच पडतो. तो त्या गर्दीत आणि अग्नीत जाऊ शकत नाही, आणि न गेल्याचे दुःख त्याला आणि आईला सारखेच. व्रत त्याच्याकडून तुटले असे न मानता घरातच सोवळ्याचे दिवस पाळणे, त्याच्या वेताच्या काठीची घरीच पूजा करणे, असे मार्ग निघू शकतात. यासाठी मानसशास्त्रज्ञ लागत नाही. घरातले मोठे माणूस आणि देवस्थानातले जाणते पुरेत.

विवाहाविषयी एक समज दूर करायला हवा. अशी लग्ने मोडतातच असे मानले जाते. अमेरिकेत १२० जोडप्यांच्या २००७ मधल्या पाहणीत तीन चतुर्थांश एकत्रच होती. आपल्याकडे तर मोडणे आणखी दुर्मीळ. पण टिकणे म्हणजे बरे चालणे नव्हे. नवऱ्याला भरवणारी, धुणारी, त्याच्या रागाला घाबरणारी बाई हळूहळू त्याची आई होते, आणि बायको म्हणून तिचे काय गेले हे ती आपल्या बहिणीपाशीही बोलत नाही. घरी आलेल्या आरोग्यसेविकेने हा प्रश्न दार लोटून, हळू आवाजात विचारायला हरकत नाही.

पैशाचे आणि कागदांचे दुःख वेगळे मोजू नये. ते त्याच दुःखाचा भाग आहे. खाणपट्ट्यातल्या गावांनी २०१२ आणि २०१८ मध्ये उत्पन्न एका रात्रीत थांबलेले पाहिले आहे. एकट्या कमावत्याच्या डोक्याला मार बसला की घरापुरती खाणबंदी होते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने इस्पितळाचा भार हलका होतो, पण दीड वर्ष फिजिओथेरपीला न्यायला गाडीभाडे लागते, डायपर लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही. हात-पाय लुळे पडले तर प्रमाणपत्र त्या नावाने मिळते. ज्याचा स्वभाव, स्मरण आणि संयम गेला पण चालता येते, त्याची उणीव कुठल्या रकान्यात बसवायची, यावर घरच्यांचे हेलपाटे होतात. ही कायद्यातली त्रुटी आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

गोव्यात आणखी एक पेच. आपल्या नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून जमीन विकायची किंवा गहाण ठेवायची तर दोघांची सही लागते. नवरा बेशुद्ध किंवा अजाण असेल तर उपचारासाठीसुद्धा विकता येत नाही. बेशुद्ध प्रौढाचा पालक नेमण्याची सोपी, सरळ तरतूद देशात नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशा प्रकरणांत पत्नीला पालक नेमले आहे. म्हणजे वाट आहे, पण ती न्यायालयातून जाते. वकिलाकडे लवकर जावे, घरातले सगळे सोने मोडल्यावर नव्हे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा लोकांना संकोच वाटतो, दुःखाचे पैसे मागितल्यासारखे वाटते. सर्वोच्च न्यायालयाचा ५ फेब्रुवारी २०२० चा काजल खटल्यातला निकाल यासाठी माहीत असावा. बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला २००७ मधल्या अपघातात कायमची इजा झाली होती. न्यायालयाने भरपाई ६२ लाख २७ हजारांवर नेली आणि तीत तिची सेवा करणाऱ्या दोन माणसांचा महिन्याचा खर्च आयुष्यभराच्या हिशेबाने धरला. घरातली बाई जे फुकट करते, ते काम आहे आणि त्याला किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मग आपण का करू नये?

काय करता येईल, याचे उत्तर दूर शोधायला नको. ‘संगाथ’ ही १९९६ मध्ये सुरू झालेली संस्था गोव्यातलीच. तिच्या पुढाकाराने गोव्यातल्या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या ८१ कुटुंबांवर एक चाचणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने घरोघर गेल्या. आजार समजावला, चिडचिड कशी हाताळायची ते दाखवले, सेवा करणाऱ्याचे ऐकले. सेवा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. पुढे २०१७ मध्ये गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशाच स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्य कमी करून दाखवले, आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. जगभर हे दाखले देतात. मेंदूच्या इजेचे घर आणि स्मृतिभ्रंशाचे घर यांत वयाचा फरक आहे, दुःखाची जात तीच. डिचोली आणि पेडण्याच्या आरोग्य केंद्रांतून अशी घरभेट सुरू करायला नवा शोध लागणार नाही. इच्छा आणि पगार लागेल. इस्पितळातून घरी सोडताना औषधांच्या यादीबरोबर आणखी एक पान द्यावे: स्वभाव बदलू शकतो, हा आजाराचा भाग आहे, तुम्हाला दुःख होईल आणि ते होणे बरोबर आहे, फोन कुठे करायचा. ते मराठीत आणि कोंकणीत असावे.

सुधारणेची आशा खरोखर संपली तर काय करावे, हे आधीच सांगून ठेवणे आता शक्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मधल्या सुधारित नियमांनी आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवता येते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी असे इच्छापत्र नोंदवले. गोव्यातले ते पहिलेच. धडधाकट असताना आपली इच्छा सांगून ठेवणे हे घरच्यांवरचे उपकार आहेत, कारण आयसीयूच्या दाराशी घेतलेल्या निर्णयाचे ओझे लोक वीस-वीस वर्षे वागवतात.

सेवा करणाऱ्याला किंवा रुग्णाला असह्य झाले तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. बांबोळीलाच मनोविकार संस्थेचे इस्पितळ आहे. पण त्याआधी आपण आहोत. तुमच्या वाड्यावर असे घर असेल तर तिथे दुपारी जा आणि दोन तास बसा, म्हणजे त्या बाईला म्हापशाच्या बाजाराला जाता येईल, किंवा नुसते झोपता येईल. दर आठवड्याला जा, वार ठरवून जा. पहिला महिना सगळेच येतात, दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही. त्याच्याशी सावकाश बोला, एका वेळी एकच प्रश्न विचारा, ‘ओळखलेस काय मला?’ अशी परीक्षा घेऊ नका, आपले नाव आपणच सांगा. आणि खायला काही नेणार असाल तर आधी विचारून न्या. गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशात लाडवाचा घास अडकू शकतो.